टोकांना मेण लावलेलं सागवान

पोळा जवळ आला, बाजारात झुली, घुंगरमाळा आणि रंगीत गोंडे लटकायला लागले, की ती घटना मला आजही हटकून आठवते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. मेलं असेल तर एक सागाचं झाड मेलं. नोकरीत गाजलेले कितीतरी गुन्हे मी विसरलो, हा मात्र विसरता आला नाही.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही सांगणार नाही. प्रत्येकाला त्याच्या पोटापाण्याच्या कामावरून ओळखू. या प्रकरणात तेच बरं, कारण सगळा गुंता त्यांच्या आठवड्याच्या कामाचा आणि रविवारच्या कामाचा होता.

पोळ्याच्या आधीचे दिवस पोलिसांना जड जातात. कोणत्या गावात तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जाणार, यावरून दरवर्षी डोकी फुटतात. बैलाला त्याचं सुखदुःख नसतं, मालकाला असतं. मी सकाळची हजेरी घेऊन बंदोबस्ताची माणसं वाटत होतो, तेवढ्यात बसस्टँडसमोरचा पानठेलेवाला आत आला. हा माझा जुना खबऱ्या. त्या दिवशी त्याचा गाल टम्म सुजला होता आणि तोंडात कापूस कोंबलेला होता.

"साहेब, पटवाऱ्याच्या मागच्या शेडात सागवान उतरलं हाये," तो कापूस सांभाळत म्हणाला. "ताजं. जंगलातलं."

तलाठ्याला आमच्याकडे लोक अजून पटवारीच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. खबऱ्याला 'तुला कुठून कळलं' असं विचारायचं नाही, हा आमच्या खात्याचा न लिहिलेला नियम आहे. मीही विचारलं नाही. त्याच्या गालाकडे बघून 'दाढ का?' एवढं विचारलं आणि त्याने मान हलवली.

सागवानाचा मामला वनखात्याचा. मी रेंजर साहेबांना फोन केला, ते त्यांची दोन माणसं घेऊन आले, आम्ही शेजारचे दोन पंच घेतले आणि पटवाऱ्याच्या घरी गेलो. मागे टिनाचं शेड होतं. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. आत एका बाजूला रंधा, पटाशा, करवती नीट मांडलेल्या, आणि मधोमध नव्याकोऱ्या ताडपत्रीखाली सागाचे तीन ओंडके. ओले, सरळ, एकही गाठ नाही. त्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण नव्हती. म्हणजे वाहतुकीचा परवाना नाही. रेंजर साहेबांनी माझ्याकडे 'झालं' अशा नजरेने पाहिलं.

ओंडक्यांच्या दोन्ही टोकांना फिकट गुलाबी, मेणचट थर होता. मी बोट फिरवून पाहिलं. सगळीकडे सारखा, एक थेंब ओघळलेला नाही. रेंजर साहेब म्हणाले, "टोळीची खूण असेल. हल्ली चोर रंग लावतात." मी पंचनाम्यात 'टोकांस गुलाबी रंगाचा मेणासारखा पदार्थ' असं घालायला सांगितलं.

पटवारी पन्नाशीचा, सडपातळ, डोक्यावर तेल चोपडलेला माणूस. तांड्यावर वाढलेला, पुढे नोकरीनिमित्त गावात घर केलेलं. तो एकच वाक्य बोलला. "साहेब, हे लाकूड माहं नाही."

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते ऐकू येणंच बंद झालं होतं. पण एक गोष्ट मला खटकली. खोटं बोलणारा माणूस बोलून झालं की पोलिसाच्या तोंडाकडे बघतो. थाप पचली का, ते त्याला पाहायचं असतं. हा माझ्याकडे बघतच नव्हता. तो ओंडक्यांच्या टोकांकडे बघत होता, आणि बराच वेळ बघत होता.

बातमी गावभर व्हायला दुपार लागली नाही. कुणाला नवल वाटलं नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. पटवारी म्हटला की तो खातोच, असं लोक धरून चालतात. त्यात हा वर्षानुवर्षं लाकडाशी खेळणारा. शेतातलं झाड तोडायच्या परवानगीला सातबारा लागतो, सातबारा पटवाऱ्याकडे, म्हणजे कुणीतरी चिरीमिरीऐवजी सागवानच टाकलं असणार, असा हिशोब चहाच्या टपरीवर पक्का झाला. तहसील कार्यालयातून मला फोन आला. रेंजर साहेबांचा अहवाल पोहोचला की निलंबनाचा आदेश निघणार होता. रेंजर साहेब माणूस भला. ते म्हणाले, "पोळा होऊन जाऊ द्या. तान्हा पोळा झाला की मी अहवाल पाठवतो. तोवर तुम्हाला काही सापडलं तर बघा." त्यांनी पटवाऱ्याला सूचनापत्र देऊन घरी सोडलं. म्हणजे माझ्या हातात सण होता, आणि पटवाऱ्याची नोकरी त्या सणावर टांगलेली होती.

मी त्याला ठाण्यात बोलावलं. बायको बरोबर आली. तो बोलायच्या आधी तीच बोलली.

"साहेब, मी कवाच सांगतलं होतं याईले. हे लाकूड नाही, सवत हाये माही. सुट्टी आली का तिच्यापाशी. मी आजारी पडली तं 'गोळी घेतली का' म्हून दारातून विचारते, अन् तिले भेग पडली तं रातभर झोप नाही. आता घ्या! सवतीनंच घर खाल्लं."

पटवारी खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, मी पटवारी हावो. माह्या घरी कोणाच्या वावरातली वांगी आली तरी गाव मोजते. ताजं सागवान मी घरी आणीन काय? मी जुन्या खाटेचे पाय घेतो, पडक्या घराच्या चौकटी घेतो. भंगारवाल्याले विचारा."

मी विचारलं. भंगारवाल्याने दुजोरा दिला. शेडमधला बाकीचा एकूण एक तुकडा जुना, कोरडा, खिळ्यांची भोकं पडलेला होता. मग हे ओंडके कुणी आणून ठेवले? शेडला कुलूप का नव्हतं?

"मंडळाची माणसं हत्यारं न्यायले येतात," तो म्हणाला. "त्याईच्यासाठी उघडंच ठेवतो. अन् तुमी यायच्या आदल्या दिवशी मी शेडात गेलोच नव्हतो."

मंडळ म्हणजे भुसा मंडळ. हे नाव त्यांच्या बायकांनी चिडून ठेवलेलं आणि त्यांनी कौतुकाने घेतलेलं. चार माणसं: पटवारी, दातांचे डॉक्टर, एसटीचा कंडक्टर आणि एक मेकॅनिक भाई. रविवारी सकाळी भाईच्या गॅरेजात जमायचे आणि लाकूड कोरायचे. वर्षभर काय काय करत, पण पोळा आला की चौघेही एकाच कामाला लागत. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून मैदानात आणतात, मोठ्यांच्या पोळ्यासारखंच तोरण बांधतात, आणि ज्याचा बैल देखणा त्याला बक्षीस मिळतं. हे चौघे त्यासाठी बैल करत.

मी एकेकाला गाठलं. आधी मेकॅनिक भाई. गाडीखालून सरपटत बाहेर आला, हात पुसले आणि त्याने मला त्याचा बैल दाखवला. त्याचं शिंग, शेपूट, पाय, सगळं खोलता येत होतं. आयुष्यभर गाड्या खोलल्यावर याला न खुलणारी वस्तू मान्यच नव्हती.

"साहेब, सच्ची बात बोलू?" तो म्हणाला. "पटवारी साहेबाचा बैल पाह्यला का माझ्या पोटात दुखते. हर साल दुखते. पन दुखलं तं दुखलं, दुसऱ्याचं चूल्हा थोडीच बुझवतो आपण."

कंडक्टर मला बसस्टँडवर भेटला, राळेगावच्या फेरीआधी. दिवसभर हलत्या गाडीत उभं राहणारा हा माणूस लाकूड घेऊन बसला की मांडी हलवत नसे, असं भाईनेच सांगितलं होतं. त्याने तर मला पुढचं विचारूच दिलं नाही.

"जळतो ना! काहून नाही जळणार? मी महिनाभर घासतो, अन् तो खाटेच्या पायातून असा बैल काढते का वाटते आता रवंथ करन! मी तं त्याच्या तोंडावर सांगतो, पटवारी, तुह्या हाताले आग लागो. तो हासते अन् मले चहा पाजते."

त्याला मी गुलाबी मेणाचं विचारलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी तिकीट म्हणजे काय असं विचारलं.

"साहेब, ओलं लाकूड टोकाकडून वाळते अन् तडकते. म्हून टोकं बंद करा लागते. मी मेणबत्ती लावतो, भाई उरलेला ऑइलपेंट लावते. पटवाऱ्याले काही लावाचं काम नाही, त्याचं लाकूड जुनंच राह्यते. पन चोराले कायले पडली हाये? त्याले तं रातोरात विकाचं राह्यते."

तिथेच, एसटीच्या धुरात उभा असताना, मला कळलं की ओंडके चोराने ठेवलेले नाहीत. ते लाकडावर जीव असणाऱ्या माणसाने ठेवले. आणि अशी माणसं गावात चारच.

"डॉक्टर काय लावतात?" मी विचारलं.

"त्याईचं काय मालूम? ते आपलं सामान कोणाले दाखवत नाही," कंडक्टर म्हणाला आणि घंटी ओढून गेला.

डॉक्टरांना मी आदल्या दिवशीच भेटलो होतो. गोरे, नीटनेटके, साठीला टेकलेले. त्यांच्या घराच्या ओसरीत काचेच्या कपाटात बैलांची रांग होती. शिसवाचे, इतके घासलेले की त्यात माझी टोपी दिसत होती. दात कोरायच्या बारीक यंत्राने त्यांनी बैलांच्या पापण्या काढल्या होत्या. तान्ह्या पोळ्याचं पहिलं बक्षीस बरीच वर्षं त्यांनाच मिळत होतं. ढाली कपाटाच्या वर मांडलेल्या होत्या. पटवाऱ्याबद्दल विचारलं तेव्हा ते फार सज्जनपणे बोलले. "वाईट झालं. पण मोहाला माणूस बळी पडतो. बाकी मला कुणाबद्दल काही वाटत नाही, मी आपला आनंदासाठी करतो."

इथे माझा एक अनुभव सांगतो. चौकशीत जो 'हो, मला राग होता' म्हणतो, त्याला मी सहसा घरी सोडतो. राग बोलून गेलेला असतो. ज्याला कुणाबद्दल काहीच वाटत नाही, त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा जातो. पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. डॉक्टर गावातले प्रतिष्ठित. निम्म्या गावाचे दात त्यांच्या हातचे. बक्षिसंही त्यांनाच मिळत होती. पहिला येणारा माणूस दुसऱ्यावर कशाला जळेल, हे कोडं मला सुटत नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी बंदोबस्त आटोपला, सुदैवाने एकही डोकं फुटलं नाही, आणि संध्याकाळी मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. रुग्ण म्हणूनच. माझ्या खालच्या दाढा काढून बरेच महिने झाले होते आणि कवळी बसवायची राहून गेली होती. मनात काही शिजवून गेलो होतो, असं म्हणणार नाही. मला त्यांना त्यांच्या कामात पाहायचं होतं. माणूस रोजच्या कामात असला की त्याचे हात खरं बोलतात.

त्यांनी मला खुर्चीत बसवलं, तोंड तपासलं. मग कपाटातून एक डबा काढला, डब्यातून गुलाबी रंगाची पातळ पट्टी घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर फिरवून मऊ केली, तिची घडी करून माझ्या हिरड्यांवर ठेवली आणि म्हणाले, "हळूच चावा."

मी चावलो. तोंडात मेणाची चव पसरली. थोड्या वेळाने त्यांनी ती पट्टी काढून ताटलीत ठेवली. दिव्याखाली तिचा तो फिकट गुलाबी रंग मी पाहिला आणि माझं कवळीवरचं लक्ष उडालं.

मी उठून बसलो, चूळ भरली आणि सहज विचारल्यासारखं म्हणालो, "हे बरं दिसतंय. मेणबत्तीच्या मेणापेक्षा घट्ट असणार."

डॉक्टर हसले. "मेणबत्ती काय हो! त्याचे चार दिवसांत पापुद्रे निघतात. तो कंडक्टर लावतो ते. हे गरम करून नीट जिरवलं की धरून बसतं. पावसाळाभर लाकूड हूं म्हणत नाही."

कसबाचा अभिमान अजून त्यांच्या तोंडावर होता. मी म्हणालो, "डॉक्टर, मी लाकडाचं नाव काढलं नव्हतं."

त्यांच्या हातातला चिमटा ताटलीत पडला. बाहेर बसलेल्या एका बाईंना कंपाउंडरने उद्या यायला सांगितलं. डॉक्टर त्यांच्या चाकाच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ नुसतेच पायाने तो इकडून तिकडे हलवत राहिले.

"ते ओंडके जप्त होणार, हे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "वनखात्याच्या आवारात ते कुजणार होते. मग मेण कशाला लावलंत?"

"मला उघडं सोडवेना," डॉक्टर म्हणाले. "इतकं सरळ लाकूड. तडकलं असतं हो."

त्यानंतर ते आपणच बोलत गेले. सागाचं झाड त्यांच्या राळेगावकडच्या शेताच्या बांधावरचं. परवानगी न घेता तोडलं, शेतावरच्याच मालवाहू गाडीतून आणलं. छाप्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, रुग्ण असल्याचं सांगून मंडळात जायचं टाळलं, आणि पटवारी गॅरेजात व त्याची बायको बाजारात असताना शेडात उतरवलं. बैलांविषयी बोलायला लागले तेव्हा मात्र त्यांचा आवाज बदलला.

"बक्षीस मला मिळतं. टाळ्या वाजतात. आणि टाळ्या वाजवून झाल्या की पोरं पळत त्याच्याकडे जातात. त्याचा बैल कसा असतो तुम्ही पाहिलाय? मान वाकडी, एक कान पडलेला, घासणी अर्धवट. दोरी ओढली की मान हलवतो. झालं! पोरं त्याला कडबा चारतात, साहेब. लाकडाला कडबा! माझ्या बैलाला आजवर कुणी हात लावला नाही. लोक म्हणतात, बाळा, लांबूनच बघ."

"म्हणून त्याची नोकरी घालवायची?"

डॉक्टरांनी स्पिरिटचा दिवा विझवला. "गेल्या वर्षी माझा नातू पुण्याहून आला होता. मी त्याच्यासाठी शिंगांना चांदी लावली होती. मैदानात त्याने माझ्या बैलाची दोरी माझ्याच हातात दिली आणि म्हणाला, आजोबा, तुम्ही हा धरा, मी त्या काकांचा ओढून येतो. माझा नातू. तो परत आलाच नाही दिवसभर. मी सगळ्या गावासमोर स्वतःचाच बैल धरून उभा होतो."

मला या माणसाचा संताप यायला हवा होता. आलाही. एका संसाराचं पोट त्याने एका दोरीपायी पणाला लावलं होतं. पण मैदानात चांदीच्या शिंगांचा बैल धरून उभा असलेला म्हातारा माझ्या डोळ्यांपुढून हलेना, हेही खरं आहे.

पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून कबुलीवर आम्ही कधी थांबत नाही. पंचांसमक्ष मेणाचा डबा जप्त केला. रेंजर साहेब सणाच्या रात्रीच, बॅटऱ्या घेऊन, शेतावर गेले. बांधावर ताजा बुंधा निघाला. ओंडक्याचं टोक त्यावर ठेवलं तर वर्तुळाला वर्तुळ जुळलं. शेतावरच्या गड्याने गाडी भरल्याचं सांगितलं. मेणाचे नमुने प्रयोगशाळेत गेले. त्यात मी चावलेली पट्टीही गेली. पुढे खटल्यात वकिलाने 'या मुद्देमालावर दातांचे ठसे कोणाचे?' असं विचारलं आणि भर कोर्टात मला 'माझे' म्हणावं लागलं. न्यायाधीशांनीही रुमाल तोंडाला लावला होता.

पानठेलेवाल्याला मी यावेळी खात्याचा नियम मोडून विचारलंच. तो म्हणाला, "दाढ काढायले गेलतो ना, साहेब! डॉक्टर फोनवर कोणाले तरी सांगून राह्यले होते, पटवाऱ्याकडं सागवान उतरलं म्हून. मोठ्यानं बोलले, मी आयकलं." फोनवर पलीकडे कुणी नव्हतंच, ते बोलणं पानठेलेवाल्याच्याच कानांसाठी होतं. पानठेलेवाला माझा माणूस आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं, आणि तो सुजलेला गाल घेऊन माझ्यापुढे उभा असताना मी तो गाल पाहून नुसती कीव केली होती.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी रेंजर साहेबांचा अहवाल तहसीलदारांकडे गेला. पटवाऱ्यावर काही नव्हतं. ते सांगायला मी स्वतः त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारातच रडायला लागली आणि रडता रडता आत जाऊन चहा ठेवून आली. पटवारी शेडात होता. बैल पुरा झाला नव्हता. तीन पाय होते, चौथा व्हायचा होता. मी त्याला डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्याने पटाशी खाली ठेवली नाही.

"मालूम होतं, साहेब," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तुमी ताडपत्री काढली तवापासून. ते मेण पाह्यलं ना मी. इतकं निगुतीनं मेण लावणारा आपल्या गावात एकच माणूस हाये. मी लावलं असतं तं ओघळलं असतं."

मी चिडलो. खरंच चिडलो. "आणि तोंड का नाही उघडलंस? उद्या निलंबित झाला असतास!"

तो उरलेल्या पायावरून अंगठा फिरवत राहिला. "कसं सांगू? मी वर्षानुवर्षं त्याच्यावर जळून राह्यलो, साहेब. त्याच्या बैलाच्या पापण्या पाहून मले जेवण गोड लागत नाही. मी घासतो, घासतो, हात सोलते, पन तशी झाक काही येत नाही. म्हून तं अर्धवट सोडून देतो. लोकाईले वाटते तेच माहं कसब. आता मी त्याचं नाव घेतलं असतं, अन् ते माह्या जळण्यातून आलं असतं तं? माह्या मनाचा मलेच भरवसा नव्हता. वाटलं, तुमी पोलीस हा, तुमीच शोधा."

मी चहा घेतला आणि ठाण्यात परत आलो. त्या दुपारी मैदानात पटवाऱ्याचा बैल आला तो तीन पायांचाच, चौथ्या पायाच्या जागी काडी लावलेला. पोरं काही कमी जमली नाहीत. डॉक्टरांचं कपाट बंद होतं.

वनगुन्ह्यात डॉक्टरांना दंड झाला. खोट्या खबरीचा आणि खोट्या पुराव्याचा खटला मी निवृत्त होईपर्यंत रेंगाळला. शेवटी त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, वय पाहून कोर्टाने दंडावर सोडलं. दवाखान्यातली गर्दी मात्र ओसरली. निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे गेलो. माझी कवळी अजून राहिलीच होती. त्यांनी काही न बोलता मला खुर्चीत बसवलं, पुन्हा गुलाबी पट्टी मऊ केली, पुन्हा 'हळूच चावा' म्हणाले.

कवळी बसवायच्या दिवशी मी त्यांना पटवारी शेडात काय म्हणाला ते सांगितलं. ते सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले होते. डॉक्टर माझी कवळी हातात धरून उभे राहिले.

"पापण्या म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"पापण्या म्हणाला. जेवण गोड लागत नाही म्हणाला."

"आणखी काय म्हणाला?"

मी घासण्याचं सांगितलं, हात सोलतात ते सांगितलं, झाक येत नाही ते सांगितलं. त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. इतकी वर्षं मिळवलेल्या ढाली आता दवाखान्यातच त्यांच्या डोक्यावर मांडलेल्या होत्या आणि त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग ते पाठमोरे झाले आणि माझी कवळी पुन्हा एकदा घासायला लागले, जरी ती केव्हाची नीट झाली होती.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना एवढंच सांगतो, की माणसाची नोकरी पाहून त्याचा स्वभाव ठरवू नका, तो सुट्टीच्या दिवशी काय करतो ते बघा. आणि कुणाच्या मनात हेवा आहे हे कळलं म्हणून लगेच त्याला गुन्हेगार धरू नका. त्या चौघांच्याही पोटात हेवा होता. तिघांनी तो लाकडात घातला.

माझं म्हणाल तर मला त्या चौघांचा हेवा वाटला, तेव्हाही वाटला आणि आजही वाटतो. आठवडाभर बांध, दात, तिकिटं आणि इंजिनं, आणि रविवारी हातात लाकूड. माझा रविवार बंदोबस्तात गेला, आणि आता निवृत्तीत सगळेच रविवार आहेत तर हाताला काही येत नाही. नोकरीत माझ्या खुर्चीवर जळणारे पुष्कळ भेटले. माझ्या हातच्या कामावर जळून कुणाला जेवण गोड लागलं नाही, असं मात्र एकदाही झालं नाही.